कझाख गरुडवाल्यांकडे जायचंय? फेस्टिवल दोन दिवस बघा, पण चार दिवस एकाच घरात राहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको आणि ६४ वर्षांची आई, तिघंही शाकाहारी, ऑक्टोबरमध्ये दहा दिवसांची रजा. कझाख गरुड शिकाऱ्यांबरोबर राहायचंय, कझाकस्तानला व्हिसा लागत नाही म्हणून अल्माटीवरून करावं का, आणि गाईड घ्यावा की आपलं आपण जावं.

मी गेली बरीच वर्षं चार-सहा जणांचे छोटे ग्रुप घेऊन पश्चिम मंगोलियाला जातोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी देशाचा घोळ मिटवू. कझाकस्तानला भारतीय पासपोर्टवर १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, २०२२ पासून, आणि दिल्लीहून अल्माटीला थेट विमानंही आहेत, त्यामुळे बरेच जण तिकडंच बघतात. तिथंही गरुडवाले आहेत, अल्माटीच्या आसपास गरुड उडवून दाखवतात, ते बघायला वाईट नाही. पण तुम्ही जे फोटो बघितलेत ना, कोल्ह्याच्या कातडीची टोपी, घोडा, हातावर गरुड, मागं बर्फाचे डोंगर, ते जवळजवळ सगळे मंगोलियातले आहेत, देशाच्या अगदी पश्चिम टोकाच्या बायान-ओल्गी प्रांतातले. या प्रांतात बहुसंख्य लोक कझाख आहेत, घरात कझाख बोलतात, धर्मानं मुसलमान, आणि नागरिक मंगोलियाचे. यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात अल्ताई डोंगर ओलांडून आजच्या चीनमधल्या शिनजियांगकडून इकडं जनावरं चारायला आले आणि राहिले. पुढं १९३० च्या दशकात सोव्हिएत कझाकस्तानात लोकांची जनावरं काढून घेतली, सामुदायिक शेतं केली, प्रचंड दुष्काळ पडला आणि भटकं जगणं तिथं मोडलं, त्याबरोबर गरुडाची शिकारही आटत गेली. डोंगराच्या या बाजूला, मंगोलियात, मात्र ती टिकली. म्हणून कझाखांची ही गोष्ट बघायला मंगोलियात जावं लागतं, ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे.

मंगोलियाचा व्हिसा लागतो, ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो, वेळेत करा. राजधानी उलानबातरहून ओल्गीला, म्हणजे या प्रांताच्या मुख्य गावाला, देशांतर्गत विमान, साधारण तीन तास. रस्त्यानं सोळाशे किलोमीटरच्या वर आहे, दहा दिवसांत त्याचा विचारच नको. या छोट्या विमानात सामानाची मर्यादा कडक असते, हँडबॅगसकट पंधरा किलोच्या आसपास धरून चाला, तिकिटावर लिहिलेलं नीट वाचा, आणि जाड जॅकेट आणि बूट बॅगेत न भरता अंगावर घालून चढा. अजून एक, ओल्गीचं घड्याळ उलानबातरच्या एक तास मागं असतं, यात माझ्या ग्रुपमधल्या लोकांचा दरवेळी गोंधळ होतो. आणि परतीच्या प्रवासात उलानबातरला एक अख्खा दिवस मोकळा ठेवा, वारा किंवा बर्फ आला की ओल्गीचं विमान दुसऱ्या दिवसावर जातं आणि मग पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट हातचं जातं. दहा दिवसांतले येण्या-जाण्यात चार गेले, उरले सहा. या सहा दिवसांचं काय करायचं हाच खरा प्रश्न आहे आणि तिथंच बहुतेक लोक चुकतात असं माझं मत आहे.

चूक अशी की सहा दिवसांत गरुडांचा फेस्टिवल, तवान बोग्द, दोन सरोवरं, कातळावरची चित्रं आणि दोन-तीन शिकारी कुटुंबं असं सगळं कोंबतात. यातली प्रत्येक जागा बघण्यासारखी आहे, नाही म्हणत नाही. तवान बोग्द म्हणजे पाच शिखरं, त्यातलं खुइतेन ४,३७४ मीटर, मंगोलियातलं सगळ्यात उंच, आणि तिथली कातळचित्रं २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पण ओल्गीहून तिकडं जायचं म्हणजे शे-दीडशे किलोमीटरच्या वर, बराचसा कच्चा रस्ता, नद्या ओलांडत, रशियन फुरगोन गाडीत हाडं खिळखिळी होतात. शिवाय तो सीमाभाग आहे, त्याचा वेगळा परवाना ओल्गीतून काढावा लागतो. आई बरोबर असताना ऑक्टोबरमध्ये हे करू नका. दोन दिवस फेस्टिवल आणि चार दिवस एका घरात. एकाच घरात, हे महत्त्वाचं.

का ते सांगतो. पहिल्या दिवशी तुम्ही पाहुणे असता, सगळे नटून बसतात, गरुड बाहेर काढतात, फोटो होतात. दुसऱ्या दिवशी थोडं कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी घरातली बाई तुम्हाला न विचारता हातात बादली देते आणि गाईकडं चला म्हणते, तिथून पुढं तुम्हाला ती माणसं दिसायला लागतात. एका रात्रीत हे होत नाही, मी कितीही चांगला गाईड असलो तरी होत नाही.

गाईडबद्दल आता. स्वतः जाणं अशक्य नाही, पण गावांकडं ठरलेल्या वेळेची एसटी वगैरे असं काही नाही, शेअर गाड्या भरल्या की निघतात, आणि कुठलं कुटुंब आत्ता कुठल्या डोंगराच्या पोटात आहे हे गुगलला माहीत नसतं. तेव्हा गाईड घ्या, पण कुठला हे नीट बघा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे, उलानबातरच्या एका एजन्सीनं आम्हाला जो गाईड दिला तो मुलगा चांगला होता, इंग्रजी उत्तम, पण मंगोल होता, कझाख अजिबात येत नव्हतं. घरातल्या पुरुषांना मंगोल यायचं, ते थोडं बोलायचे. आजी आणि सुना मात्र गप्प, आणि त्या घरातलं निम्मं सांगण्यासारखं त्यांच्याकडंच होतं. चार दिवस आम्ही हसून आणि मान हलवून काढले, मला अजून त्याची खंत आहे कारण ती आजी पुढच्या वर्षी राहिली नव्हती. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, गाईड ओल्गीचा आणि घरात कझाख बोलणारा हवा. बुकिंगच्या आधी विचारा: गाईड कुठल्या गावचा, कझाख मातृभाषा आहे का, ज्या घरात राहणार त्यांना तो किती वर्षं ओळखतो, आणि मुक्कामाचे पैसे त्या घरात कोणाच्या हातात आणि कधी जातात. चौथ्या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो त्याला सोडून द्या. मी पैसे घरातल्या बाईच्या हातात देतो, निघताना नाही, पोचल्यावर, कारण पाहुण्यांसाठी लागणारं पीठ, चहा, सरपण आधीच आणलेलं असतं. ओल्गीत एटीएम आहे, पुढं नाही, त्यामुळे तुगरिक, म्हणजे मंगोलियाचं चलन, तिथूनच काढून घ्या.

आता शिकारीचं खरं चित्र, कारण ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांची इथंच निराशा होते. गरुडाला ते बुर्कीत म्हणतात आणि गरुड पाळणाऱ्याला बुर्कीतशी. शिकारीचा हंगाम बर्फ पडल्यावर सुरू होतो, नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कारण बर्फात कोल्ह्याचा माग दिसतो आणि तेव्हाच कोल्ह्याच्या अंगावर थंडीतली दाट लोकर असते. त्या दिवसांत पारा उणे तीसपर्यंत जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गरुड उन्हाळाभर खाऊन सुस्त असतो, त्याला हळूहळू शिकारीच्या वजनावर आणायचं काम चालू असतं. हे काम बघायला मिळणं माझ्या मते शिकारीइतकंच मोठं आहे. मांस पाण्यात धुऊन धुऊन त्यातलं रक्त काढून टाकतात, पांढरं फटक झालं की मग ते गरुडाला देतात, पोट भरतं पण अंगी लागत नाही, आणि पक्ष्याला भूक आणि चपळाई दोन्ही येते. किती धुवायचं, किती दिवस, हे वजनकाट्यावर नाही ठरत, म्हातारा बुर्कीतशी छातीच्या हाडावरून बोटं फिरवतो आणि सांगतो की अजून चार दिवस. मग दोरीला बांधलेलं कोल्ह्याचं कातडं घोड्यामागं ओढत नेतात, त्याला शिर्गा म्हणतात, आणि डोंगरावरून गरुड त्यावर झेपावतो. हे तुम्हाला ऑक्टोबरमध्ये नक्की दिसेल, घराच्या मागच्या टेकडीवर, गर्दीशिवाय.

पाळतात ती मादी, कारण ती नरापेक्षा मोठी आणि जोरकस असते, पाच-सहा किलोची, पंख पसरले की दोन मीटरच्या वर. एवढं वजन हातावर घेऊन दिवसभर घोड्यावर बसणं शक्य नाही म्हणून खोगिराला टेकवलेली दुबेळकी लाकडी काठी असते, बालदाक, तिच्यावर हात टेकतात. डोळ्यांवर चामड्याची टोपी, तोमागा. हातात जाड चामडी हातमोजा. प्रत्यक्ष शिकारीत बुर्कीतशी कड्यावर उभा राहतो, बरोबरचे लोक खाली दरीत ओरडत, दगड लोटत कोल्ह्याला उठवतात, कोल्हा पळाला की तोमागा काढायची, बास. दिवसभरात एकदाही कोल्हा उठला नाही असे दिवस जास्त असतात. मी हिवाळ्यात ग्रुप नेतो तेव्हा आधीच सांगतो, आपण शिकार बघायला नाही, शिकारीला जातोय, रिकाम्या हातानं परत येऊ शकतो. कोणी एजन्सी शिकार हमखास दाखवू म्हणत असेल तर तिथं कोल्हा पकडून आणून सोडणार हे समजून जा.

यावरून फेस्टिवल. ओल्गीबाहेरच्या मोकळ्या खोऱ्यात, ऑक्टोबरच्या पहिल्या वीकेंडला, दोन दिवस. सत्तर-ऐंशी किंवा जास्तच गरुडवाले आपापल्या गावातून येतात, काही दोन-तीन दिवस घोड्यावरून. कड्यावरून गरुड सोडतात आणि खाली घोडा दौडवणारा मालक हाक मारतो, पक्षी किती सेकंदात हातावर येऊन बसतो ते मोजतात. मग शिर्गा. मधे बकऱ्याच्या कातड्याची घोड्यावरून खेचाखेची, मुलगा-मुलीची घोडदौड ज्यात मुलगी मागून चाबूक मारते, धावत्या घोड्यावरून जमिनीवरची नाणी उचलणं. २०१४ साली याच मैदानात आयशोल्पान नावाच्या १३ वर्षांच्या मुलीनं सगळ्या मोठ्यांना मागं टाकून स्पर्धा जिंकली, त्यानंतर जगभरातून गर्दी वाढली आणि आता मुली गरुड घेऊन उतरलेल्या बऱ्याच दिसतात, हे मला फार आवडतं. पूर्वी शेवटी जिवंत कोल्हा किंवा लांडगा सोडायचे, त्यावर खूप टीका झाली. तुमच्या वेळी तसं काही दिसलं तर आईला घेऊन बाजूला व्हा, बघायलाच पाहिजे असं काही नाही. गर्दी टाळायची असेल तर सागसाई गावाला सप्टेंबरच्या उत्तरार्धात छोटा फेस्टिवल असतो, ओल्गीहून तीसेक किलोमीटर, माझं मन तिकडंच जास्त रमतं. तारखा दरवर्षी बघूनच तिकिटं काढा.

घर म्हणजे काय मिळेल त्याची कल्पना असू द्या. लोक वर्षातून चार वेळा जागा बदलतात, उन्हाळ्याची, शरदातली, हिवाळ्याची, वसंतातली. नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, गोल घर फक्त उन्हाळ्यात आणि आसपास असतं, कझाखांचं घर मंगोल लोकांपेक्षा उंच आणि मोठं, मधे खांब नसतात, आणि भिंतीवर बायकांनी भरलेले मोठमोठे भरतकामाचे पडदे, तुस कीझ. ऑक्टोबरमध्ये काही कुटुंबं अजून त्यात असतात, काही मातीच्या किंवा लाकडी हिवाळी घरात गेलेली असतात. तुमच्या वाट्याला मातीचं घर आलं तर फसवलं असं समजू नका, ते खरं घर आहे, आणि आईसाठी जास्त उबदार आहे. चुलीत सुकवलेलं शेण जळतं, गोवऱ्यांचा वास आपल्याकडच्या कोणाही गावाकडच्या माणसाला ओळखीचा वाटेल, माझ्या ग्रुपमधल्या साताऱ्याकडच्या एक काकू पहिल्या रात्री त्या वासानंच गहिवरल्या होत्या. छपरावर सोलर पॅनेल, डिश, दारात मोटरसायकल, पोरांच्या हातात मोबाईल हे सगळं असतं. फोटोत येऊ नये म्हणून त्यांना मोटरसायकल हलवायला सांगू नका, प्लीज.

संडास बाहेर, घरापासून लांब, खड्ड्यावर दोन फळ्या. रात्री शून्याखाली असतं आणि कुत्री असतात. आईसाठी हीच सगळ्यात अवघड गोष्ट असेल, घोडा किंवा थंडी नव्हे. फोल्डिंग कमोड-स्टूल मिळतं ते घेऊन जा, डोक्याला लावायचा टॉर्च प्रत्येकाला वेगळा, आणि रात्री एकटीनं जायचं नाही. दिवसा पाच ते दहा डिग्री धरा, पण वारा सुटला की ते आकडे विसरा. आतून लोकरीचे थर, वरून वारा अडवणारं. औषधं दुप्पट न्या, अर्धी हँडबॅगेत. ओल्गीत प्रांताचं हॉस्पिटल आहे पण गंभीर काही झालं तर उलानबातर गाठावं लागतं, तेव्हा विमानानं हलवण्याचा खर्च देणारा इन्शुरन्स घ्याच, यात काटकसर करू नका. म्हणूनच आईंसाठी घर निवडताना मी ओल्गीपासून दोन तासांच्या आतलंच निवडतो.

शाकाहाराचं. जमतं, पण तयारीनं. तिथलं जेवण म्हणजे मटण, घोड्याचं मांस, पिठाचे पदार्थ आणि दूधदुभतं, भाजी म्हणजे बटाटा, गाजर, कांदा, कोबी. तुमच्या बाजूनं चांगल्या गोष्टी पुष्कळ: बाउर्साक म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, ताजं लोणी, घट्ट साय, दही, कुर्त म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे. बाउर्साक कशात तळलेत ते मात्र गाईडला विचारायला सांगा, कधी चरबीत तळतात. मी सुती पिशवीत मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लाडू नेतो. उंचीमुळे पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही, छोटा कुकर असेल तर न्या, मसूर आणि मूगच घ्या, तूर नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही मांस खात नाही हे गाईडनं आठवडाभर आधी फोनवर सांगितलेलं हवं. मानाच्या पाहुण्यापुढं मेंढीचं शिजवलेलं मुंडकं ठेवायची त्यांची रीत आहे. तुम्ही आल्यावर, मेंढी कापून झाल्यावर, आम्ही खात नाही म्हणालात तर त्या माणसाची पंचाईत होते, आणि मेंढी ही त्यांची शिल्लक आहे. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मंगोलियात सत्तर लाखांहून जास्त जनावरं थंडीनं आणि उपासमारीनं मेली. एक मेंढी वाचली तर त्यांना बरंच वाटेल, फक्त आधी सांगा.

चहा खारट असतो, दूध घातलेला. वाडगा अर्धाच भरतात, तो कंजूषपणा नाही, पुन्हा पुन्हा भरून देता यावं म्हणून अर्धा, तोच मान. बास झालं की वाडग्यावर तळहात ठेवायचा. जेवण झाल्यावर घरातला मोठा माणूस तळहात वर करून चार शब्द म्हणतो आणि सगळे चेहऱ्यावरून हात फिरवतात, तुम्हीही करा. दारासमोरची आतली बाजू मानाची, तिथं आईंना बसवतील, त्यांनी नको नको करू नये. उंबऱ्यावर पाय देऊ नका, पसरलेल्या जेवणावरून ओलांडू नका. आभार म्हणजे राख्मेत, एवढा एक शब्द पाठ असला तरी चेहरे खुलतात. भेट म्हणून चॉकलेटं नकोत, ओल्गीच्या बाजारातून ताजी फळं न्या, वाचायचा साधा चष्मा न्या. मी दरवेळी मागच्या खेपेचे फोटो प्रिंट करून नेतो, यासारखी भेट नाही, ते भिंतीवर लागतात.

गरुडाजवळ वागण्याचं थोडं. मालकानं सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, तोमागा तर कधीच काढायची नाही. ड्रोन पक्ष्याजवळ उडवू नका. माइकवर वाऱ्यासाठी लावतात ते केसाळ कव्हर बॅगेतच राहू द्या, तो पक्षी कोल्ह्याच्या केसाळ कातड्यावर झेपावायला शिकलेला आहे, हे लक्षात घ्या.

पिल्लू घरट्यातून उचलायचं किंवा तरुण पक्षी जाळ्यात धरायचा, हे चूक की बरोबर असं मला दरवेळी कोणीतरी विचारतं. मलाही ते पूर्ण पटत नाही, पण एक गोष्ट मी स्वतः बघितली आहे ती सांगतो. गरुड ते जन्मभर ठेवत नाहीत, सात-आठ-दहा वर्षं झाली की वसंतात सोडून देतात, पिल्लं घालायला. एका मार्चमध्ये मी ज्यांच्याकडं उतरतो त्या घरातल्या आजोबांनी त्यांची मादी सोडली. लांबच्या डोंगरावर घेऊन गेले, मारलेली मेंढी तिथं ठेवली म्हणजे पहिले काही दिवस तिला उपाशी राहायला नको, पायातले पट्टे सुरीनं कापले आणि अंधार पडायच्या बेतात आम्ही परत फिरलो, तिला कळू नये म्हणून. आजोबा वाटेत काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घराच्या छपरावर बसलेली होती. त्यांनी तिला परत घेतलं नाही, खायलाही दिलं नाही, घरात जाऊन दार लावून बसले, आणि दुपारपर्यंत ती तिथंच होती. मग उठली आणि पश्चिमेकडं गेली.